वसुंधराबाईंचे निरोप

वसुंधराबाई गोतमारे यांच्याइतकी सरळ बाई भिलाईच्या अख्ख्या सेक्टर दोनमध्ये शोधून सापडायची नाही, असं शेजारीपाजारी म्हणत. उसनी आणलेली वाटीभर साखर शिगोशीग भरून परत करणारी, कोणाच्या घरातली गोष्ट कोणाच्या घरात न नेणारी. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त एवढंच, की ही सरळ बाई सलग पावणेदोन वर्षं दिवसातून दोनदा खोटं बोलत होती. एकदा नवऱ्याशी आणि एकदा पोटच्या पोराशी. आणि वर आपण पुण्याचं काम करतो आहोत अशी तिची पक्की समजूत होती.

निरोप निवडून सांगायचा धडा त्यांना फार लवकर मिळाला होता. माहेर हिंगणघाटजवळच्या एका खेड्यातलं. वडील आणि काका एकाच घरात राहत, पण विहिरीच्या पाळीवरून बिनसल्यापासून एकमेकांशी बोलत नसत. मधला पोस्टमन म्हणजे आठ वर्षांची वसुंधरा. "काकाले सांग, आज बैल मले पाहिजे." "तुह्या बापाले सांग, घेऊन जा म्हणा." असं बरं चाललं होतं. एकदा वडील तावातावात बोलून गेले, "सांग त्याले, तुह्या हातचं पाणीबी मले नको." पोरीने एक अक्षर न गाळता ते पोचवलं. संध्याकाळपर्यंत अंगणात कूड उभा राहिला आणि एका चुलीच्या दोन झाल्या. आईने पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "निरोप असा सांगते का वो कोणी? तांदळासारखा निवडावा, मग सांगावा." लहानपणी पाठीवर बसलेला धडा माणूस जन्मभर पाळतो. तो बरोबर होता का, हे तपासायला कोणी थांबत नाही.

लग्न होऊन त्या भिलाईला आल्या एकोणसत्तर साली. नवरा बाबाराव तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये शिफ्ट क्लार्क होते. एका आठवड्यात सकाळची पाळी, दुसऱ्यात दुपारची, तिसऱ्यात रात्रीची, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. पाळी संपताना मिलमध्ये काय काय झालं ते लॉगबुकात लिहायचं, पुढच्या पाळीच्या माणसाला समजावून द्यायचं आणि सायकल काढून घरी यायचं. माणूस स्वभावाने वाईट नव्हता, झोप अर्धवट राहिलेला होता. ज्यांच्या घरात शिफ्टचा माणूस आहे त्यांनाच या दोहोंतला फरक कळतो.

सगळं घर त्या झोपेभोवती चालायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसभर खिडक्यांवर जुन्या चादरी. कुकरची शिट्टी व्हायच्या आत वसुंधराबाई ती चमच्याने अलगद उचलून धरत. दाराच्या कड्यांना तेल घातलेलं. भाजीवाला गल्लीत ओरडला की त्या अनवाणी धावत जाऊन त्याला गप्प करत. माधव अशा घरात वाढला. चालायला शिकला तोच चवड्यांवर, आणि त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं सबंध वाक्य होतं, "बाबा जोपलेत." पाहुण्यारावळ्यांना हे सांगताना वसुंधराबाईंना कोण कौतुक वाटायचं.

पोरगा हुशार निघाला, पण त्याची हुशारी मार्कांपेक्षा प्रश्नांत जास्त दिसायची. सातवीत असताना वर्गात उभा राहून त्याने विचारलं, प्लांटच्या जागी ज्यांची शेतं होती ते लोक आता काय करतात? नववीत असताना घरी सत्यनारायण होता. पोथीत वाण्याच्या जावयाची नाव बुडाल्याचं आल्यावर हा भटजींना म्हणाला, "काका, वाण्याच्या पोरीने प्रसाद नाही घेतला हे ठीक. पण नावेत नावाडी पण असतील ना? त्यांचा काय कसूर?" भटजींनी पळी ताम्हनात ठेवली, याच्याकडे पाहिलं आणि पुढचा अध्याय सुरू केला. बाबारावांनी डोळे वटारले. वसुंधराबाईंना मात्र रात्री झोपताना त्या नावाड्यांचं खरंच वाईट वाटलं, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

सत्त्याऐंशीच्या गणपतीत मात्र पाणी डोक्यावरून गेलं. माधव तेव्हा सोळाचा. मंडळात वक्तृत्वाची स्पर्धा होती, विषय 'आदर्श विद्यार्थी'. चार पोरांनी गांधीटोपी घालून तीच ती भाषणं केली. मग हा उठला आणि म्हणाला, "हा मंडप जवळच्या मरोदा गावचा दयाराम दरवर्षी बांधतो. बांबू खांद्यावर वाहून आणतो. उद्या महाप्रसादाची पंगत आहे. आपण सगळे इथे बसणार आणि दयारामला मागच्या बाजूने पत्रावळ बांधून देणार. आदर्श विद्यार्थ्याने हे पाहावं की पाहू नये, एवढंच मला विचारायचं आहे." आणि खाली बसला.  मग मंडळाचे अध्यक्ष शामराव मोठ्याने हसले, "गोतमारे, तुमचं पोट्टं तर पुढारी निघालं हो!" चार माणसं त्यांच्यामागे हसली. शामराव बाबारावांचे सेक्शनमधले साहेब होते. बाबारावांनी घर यायचीही वाट पाहिली नाही. रस्त्यातच, विजेच्या खांबाखाली, दोन्ही गालांवर दिल्या.

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. भांडण टिकवायला शिफ्टसारखी सोय नाही. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात माधव शाळेत जाई तेव्हा बाप झोपलेला, आणि तो परत येई तेव्हा बाप सायकलवर. रात्रपाळीत तर विचारूच नका. सकाळच्या पाळीत गाठ पडायची भीती होती, तर माधव संध्याकाळी लायब्ररीत जाऊन बसायला लागला, नाहीतर मरोद्याला दयारामच्या पोरांना गणित शिकवायला जायला लागला. तो नऊला घरी येई तोवर बाबारावांनी डोक्यावरून पांघरूण घेतलेलं असे. एकाच क्वार्टरमध्ये दोघे राहत होते, आणि मध्ये वसुंधराबाई.

पहिला निरोप त्याच रात्रीचा. बाबाराव म्हणाले, "त्याले सांग, माफी मागितल्याबिगर माह्याशी बोलू नोको." वसुंधराबाईंनी तो निवडला आणि मुलाला सांगितलं, "बाबांना फार लागलं रे." माधवने जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी तेही निवडलं आणि नवऱ्याला सांगितलं, "चुकलं म्हणते."

मग हे रोजचंच झालं. बाप म्हणे, "केस पाह्य त्याचे, नौटंकीवाला दिसते." पोराला ते ऐकू येई असं: "गर्मीचे दिवस, केस बारीक केले तर बरं वाटेल, बाबा म्हणत होते." पोरगा म्हणे, "उनको बोल, माझ्या डोक्यावर उगवतात, त्यांच्या नाही." बापाला ते पोचे असं: "कापतो म्हणते, परीक्षा होऊ द्या." माणसाला एखाद्या कामात यश येऊ लागलं की हात मोकळा सुटतो. तिखट तर त्यांनी पहिल्या दिवसापासूनच काढलं होतं. हळूहळू गोडही काढायला लागल्या. बापाने कौतुक केलं हे सांगितलं तर पोरगा शेफारेल. पोराला बापाची काळजी आहे हे सांगितलं तर बाप म्हणेल, मग माफी कावून नाही मागत? त्यापेक्षा काहीच नको. आळणी अन्नाने कोणाचं पोट बिघडत नाही, असा त्यांचा हिशेब. घरात आवाज नव्हता, ताटं वेळेवर वाढली जात होती, आणि हे सगळं आपल्यामुळे टिकून आहे याचा त्यांना मनातून अभिमान होता. खोटं कशाला सांगा, होताच.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात माधवची बारावी झाली. त्याच सुमारास प्लांटमध्ये अप्रेंटिस घेणार अशी जाहिरात आली. बाबाराव दुपारच्या पाळीवरून फॉर्म घेऊनच आले. तो त्यांनी वसुंधराबाईंच्या हातात असा ठेवला, जशी देवळातून आणलेली अंगाऱ्याची पुडी. "पाच जून शेवटची तारीख, सोमवार. सांग त्याले, दोन वर्षं ट्रेनिंग, मंग पक्की नोकरी. माह्या डोळ्यांदेखत लागला पाहिजे. आणि नाही भरला, तर या घरात त्याचं ताट नाही."

दुसऱ्या दिवशी माधवने फॉर्म पाहिला आणि परत दिला. त्याला नागपूरला जायचं होतं. बी. ए. करायचं, मग वकिली शिकायची. "आई, बाबांना साफ सांग, मी हा फॉर्म नाही भरणार. आणि का नाही भरणार, ते पण सांग." मग त्याने कारण सांगितलं. आवाज न चढवता, कणीक मळणाऱ्या आईच्या समोर उकिडवं बसून सांगितलं. वसुंधराबाईंचे हात परातीतच थांबले. हे बाबारावांच्या कानावर गेलं तर ते एकतर पोराला घराबाहेर काढतील, नाहीतर स्वतः अंथरूण धरतील, असं त्यांना वाटलं. यात निवडण्यासारखं काही उरतच नव्हतं.

मग त्यांनी आयुष्यातला सर्वांत मोठा बेत केला. नवऱ्याला सांगितलं, "भरतो म्हणते." चार दिवसांनी सांगितलं, "देऊन आला." मुलाला सांगितलं, "बाबा म्हणाले, तुह्या मनासारखं कर." कोरा फॉर्म तांदळाच्या डब्याखाली अंथरलेल्या कागदाच्या घडीत. अर्ज हजारांनी येतात, निवडतात मूठभर. यादीत नाव आलं नाही की बाबाराव नशिबाला दोष देतील, पोराला नाही. तोवर पोरगं नागपूरला मामाकडे गेलेलं असेल. साप मरेल आणि लाठीही तुटणार नाही. फक्त पाच तारीख सुखरूप जायला हवी होती.

आणि नेमका चार जूनच्या रविवारी बाबारावांचा वीकली ऑफ आला. एरवी त्यांचा ऑफ कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी. रविवारी पडायला महिने लागायचे. सकाळीच ते सायकल काढून कॅम्प-१ च्या बाजारात गेले आणि मटण घेऊन आले, वर पावभर जिलबीही.  माधव बाहेर जाईल या आशेवर वसुंधराबाईंनी त्याला दोनदा सुचवलं, "लायब्ररीत नाही जात का रे आज?" पण तोही बाहेर पडेना. बारा वाजता तो न बोलवता स्वयंपाकघरात आला आणि बापाच्या शेजारचा पाट ओढून बसला. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा.

दोघांची मनं भरून आली होती, ते तोंडावर दिसतच होतं. बापाला वाटत होतं, पोराने आपलं ऐकलं. पोराला वाटत होतं, बापाने आपल्याला मोकळं सोडलं. दोघेही ज्या उपकाराखाली दबले होते तो दुसऱ्याने केलेलाच नव्हता. वसुंधराबाईंच्या हातून भाकरी तव्यावर करपली.

बाबारावांनी रस्सा ओरपला, घसा साफ केला आणि ताटाकडे पाहत विचारलं, "फॉर्मवर फोटो कोणता लावला रे? ते शाळेतला, का नवीन काढला?"

"कोणता फॉर्म?" माधव म्हणाला. मग त्याला वाटलं, बापाला बोलणं सुरू करायचं आहे, शब्द सापडत नाहीत. तोही धीर करून म्हणाला, "बाबा, तुम्ही मनासारखं कर म्हटलं ना, मला वाटलंच नव्हतं तुम्ही म्हणाल. थँक्यू बोलायचं होतं."

"मनासारखं? कोण म्हटलं?"

मग दोघांनी एकदमच वसुंधराबाईंकडे पाहिलं. त्या चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. भाकरीचा धूर घरभर झाला होता, पण ती काढायला त्यांनी हात उचलला नाही.

"फॉर्म कुठं आहे?" बाबारावांनी विचारलं. वसुंधराबाईंनी उठून डबा सरकवला आणि फॉर्म आणून दिला. कोरा. त्यावर डब्याच्या बुडाचा गोल उमटला होता.

बाबाराव चिडतील, ताट भिरकावतील असं त्यांना वाटलं होतं. बाबारावांनी नुसतं त्या गोलावरून बोट फिरवलं. "आमच्या लॉगबुकात कोणी एक शब्द बदलला ना, तं नोकरीवर येते," ते म्हणाले. "कारण पुढचा माणूस त्या शब्दावर मशीन चालवते. दोन वर्षं मी कोणाशी बोलून राहिलो होतो वो? हा तं माहा पोरगा नोहता. तू बनवलेला होता कोणतातरी." ते थांबले. "बस. जसं ज्यानं म्हटलं, तसं सांग. पहिल्यापासून."

"सगळं?"

"सगळं."

लोकांना वाटेल, दोन वर्षांचं कोणाला आठवतं? वसुंधराबाईंना शब्द न् शब्द आठवत होता. जे जसंच्या तसं पुढे दिलं ते माणूस विसरतो. जे अडवून ठेवलं ते आतच राहतं. त्या भिंतीला टेकून बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि सांगायला लागल्या. 

"गणपतीच्या रात्री हा म्हणाला, माफी मागायची तर दयारामची मागीन. बाबांनी माझी मागावी. मी तुमाले म्हटलं, चुकलं म्हणते."

बाबारावांनी हातातला कोरा फॉर्म पाटाशेजारी ठेवला.

"आणि हे," त्या मुलाकडे वळल्या, "तिसऱ्या दिवशी नाइटवरून आले. मोरीत हात धुता धुता म्हणाले, पोट्टं बोललं ते खरं होतं. माह्यात कधी हिंमत नाही झाली. हात उचलाचा होता तो शामरावावर, उचलला पोरावर. मी तुले काहीच नाही सांगितलं."

माधव बापाकडे पाहतच राहिला. "दो साल, आई? हे तू दोन साल ठेवून घेतलं?"

"तू डोक्यावर बसशील म्हणून," वसुंधराबाई म्हणाल्या, आणि हे कारण मोठ्याने उच्चारल्यावर किती बारकं आहे ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

मग बांध फुटल्यासारखं झालं. केसांचं सांगितलं, नौटंकीवाल्याचं सांगितलं. बाबाराव भर दुपारी हे ऐकून खजील झाले. मागच्या हिवाळ्यात त्यांना खोकला धरला होता तेव्हा माधव म्हणाला होता, बाबांना बोल, बिडी बंद करा, नाहीतर मी बंडल फेकून देईन. मला बाबा पाहिजेत. वसुंधराबाईंनी त्यातलं काहीच न सांगता काढा करून दिला होता. माधव मरोद्याला पोरांना शिकवायला जातो हे कळल्यावर बाबाराव म्हणाले होते, माह्या बापानंही गावात पोरांले असंच शिकवलं, तेच रक्त आहे. आणि पोराला मात्र निरोप गेला होता, लवकर घरी येत जा. एकेक ऐकताना बापलेक एकमेकांकडे चोरून पाहत होते. दोघांनाही राग येत होता, लाजही वाटत होती, आणि आत कुठेतरी बरंही वाटत होतं. वसुंधराबाईंना मात्र फक्त लाज वाटत होती.

फॉर्मपाशी येऊन त्या थांबल्या. "पुढचं मी नाही सांगत."

"सांग," बाबाराव म्हणाले.

"तो म्हणाला..." त्यांनी डोळे मिटले. "तो म्हणाला, मला बाबांची पाठ ओळखू येते. चादरीतून बाहेर राहिलेली. अठरा वर्षांत बाबांना जितकं जागं पाहिलं, त्यापेक्षा भाजीवाल्याला जास्त पाहिलं असेल. ते आमच्यासाठीच झोप मोडून घेतात हे मला कळते. पण माझ्या पोराने मला पाठीवरून ओळखू नये. म्हणून मी प्लांटमध्ये जाणार नाही." त्यांनी डोळे उघडले. "आणि तुमाले मी सांगितलं, पोरगा म्हणते तब्येतीले जपा."

माधव मान खाली घालून जमिनीवर बोट ओढत होता. बाबाराव ताटावरून उठले, मागच्या दाराने अंगणात गेले आणि नळाखाली हात धरून उभे राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी नळ सुरूच होता. त्यांना रडू आलं होतं. पन्नाशीच्या माणसाला रडू आलं की तो नळ बंद करत नाही, हे वसुंधराबाईंना माहीत होतं. उठून जावं असं त्यांना फार वाटलं. पण आता आपण गेलो तर परत काहीतरी निवडून आणू, या भीतीने त्या जागच्या हलल्या नाहीत.

बाबाराव परत आले ते दारातच थांबले आणि बायकोला म्हणाले, "त्याले सांग..." आणि गप्प झाले. मग पोराकडे पाहिलं. "माधव. मी काय झोपायसाठी झोपत होतो का रे?"

"नाही बाबा."

"मंग? पाठ दिसत होती म्हणून ताट दिसत होतं या घरात."

"मालूम है, बाबा. म्हणूनच तर बोलता नाही येत होतं."

आणि मग ते भांडले. चांगले दीड तास भांडले. वकिलाला पहिली दहा वर्षं कुत्रं विचारत नाही, हे बाबारावांनी तीनदा सांगितलं. आपल्या खानदानातला माणूस कोर्टात गेला तो फक्त तारखेवर गेला, असंही म्हणाले. माधव म्हणाला, मग एकाने तरी काळ्या कोटात जावं. बाबारावांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं आणि पुन्हा ओरडले. दयारामचं निघालं, शामरावांचं निघालं, रस्त्यातल्या थपडा निघाल्या. थपडांपाशी आल्यावर बाबाराव म्हणाले, "ते माहं चुकलं." एवढंच. माधवने ऐकलं आणि पुढचा मुद्दा काढला. दरम्यान शेजारच्या कमलाबाई भिंतीवरून डोकावून विचारून गेल्या, "काय झालं वो, कोणी गेलं का?" त्या घरातून इतक्या वर्षांत मोठा आवाज कधी ऐकू आला नव्हता. वसुंधराबाई प्रत्येक चढ्या शब्दाला उठायला जायच्या आणि परत बसायच्या. कूड काही उभा राहिला नाही.

शेवटी बाबाराव थकले. जिलबीचा पुडा पोरापुढे सरकवून त्यांनी त्याच्या शेजारी फॉर्म ठेवला, खिशातलं पेन काढून वर ठेवलं. "उद्या पाच वाजेपर्यंत टाइम आहे. मी म्हणतो भर. मले वाटते तू चुकून राहिला, आणि मी ते वाटणं सोडणार नाही. पण ताटाचं बोललो ते वापस घेतो. भरशील का नाही भरशील, मले तू सांगजो. तुह्या तोंडानं."

माधवने पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. मग तो आईकडे वळला. ती भांडी गोळा करत होती.

"आई, तुला काय वाटतं?"

"बाबा म्हणतात ते..." वसुंधराबाईंनी सुरुवात केली.

"बाबा इथेच बसले आहेत. मी तुला विचारतोय."

त्यांच्या हातातलं पातेलं खाली गेलं. हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. दोन आठवडे त्या पोराला सांगत होत्या, मनासारखं कर, जा नागपूरला. आणि रात्री उशीत तोंड खुपसून पडत होत्या. का पडत होत्या ते आता त्यांना कळलं.

"मले वाटते, भर," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "बाबाच्या साठी नाही. माह्यासाठी भर. तुहे बाबा झोपले राहत, तवा या घरात मी आन् तू दोघंच होतो रे. अठरा वर्षं. तू गेल्यावर मी कोणाशी हळू बोलू? पाळी असो का काही असो, तू संध्याकाळी घरी येत जा. मले एवढंच पाहिजे. जाऊ नोको."

त्या रडत होत्या आणि पदर डोळ्यांकडे न्यायचं त्यांना सुचत नव्हतं.  माधव उठला, आईजवळ जाऊन बसला, तिचा खरकटा हात त्याने दोन्ही हातांत धरला. त्याचेही डोळे भरले होते. बोलला तेव्हा त्याने हिंदी मध्ये आणली नाही, आवाज चढवला नाही.

"नाही, आई," तो म्हणाला. "मी नाही भरणार."

सवयीने वसुंधराबाईंची मान बाबारावांकडे वळली, काय आणि कसं सांगावं याची जुळवाजुळव मनात सुरूही झाली. पण बाबारावांनी ऐकलंच होतं, आणि हा नकार त्यांच्यासाठी नव्हताच. या पोराचे सगळे नकार आजवर वसुंधराबाईंनी दुसऱ्यासाठी मऊ करून दिले होते; हा त्यांच्या स्वतःच्या नावाचा होता, आणि तो त्यांना जसाच्या तसा ऐकून घ्यावा लागला.